तक्रारीनंतरचा सूड: बदली, पीआयपी (‘ठरलेल्या मुदतीत काम सुधारा’ अशी लेखी योजना), वॉर्निंग लेटर. हे कागदावर कसं पकडायचं?

हिरवा चाफा | सोमवार, सकाळी १०:१५

लैंगिक छळाची तक्रार कुठे आणि कशी करायची, यावर मराठीत आता बरं लिखाण सापडतं. तक्रार दिल्यानंतरच्या दिवसांवर मात्र कुणी फारसं लिहीत नाही, आणि बाईची खरी कोंडी तिथेच होते. आठवड्याच्या बैठकीचं निमंत्रण यायचं बंद होतं. हातातलं चांगलं काम दुसऱ्याकडे जातं. तीन वर्षं ‘उत्तम’ असलेलं रेटिंग एकदम ‘सुधारणा आवश्यक’ होतं. रजा अडते, पाळी बदलते, आणि एक दिवस लांबच्या शाखेची ट्रान्सफर ऑर्डर टेबलावर येते. यातल्या प्रत्येक गोष्टीला ‘प्रशासकीय कारण’ दाखवता येतं, म्हणूनच हा सूड हातात सापडत नाही.

अंतर्गत समितीवर (कंपनीतच लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी समिती) काम करणारे, कामगार न्यायालयात उभे राहणारे, युनियनमधले, एचआरमधले बरेच जण इथे आहेत. आपापल्या भागातलं नेमकं लिहा: कुठला अर्ज, कुणाकडे, किती दिवसांत, आणि तो कशामुळे फसतो.

एक विनंती. कुठल्याही चालू प्रकरणातली कंपनी, माणूस, शहर यांची नावं नकोत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या (‘पॉश’) कलम १६ नुसार तक्रारीचा मजकूर आणि तक्रारदार, प्रतिवादी (ज्याच्यावर आरोप आहे तो), साक्षीदार यांची ओळख जाहीर करायला मनाई आहे. इथे नाव लिहिलं तर ‘हिनेच गोपनीयता मोडली’ असं म्हणायला समोरच्याला निमित्त मिळेल.

गोदाकाठ | सोमवार, दुपारी १२:४०

समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसणाऱ्यांना सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: ‘सूड घेतला तर अमुक शिक्षा असं कायद्यात कुठे लिहिलंय?’ खरं उत्तर असं की २०१३ च्या कायद्यात सूडासाठी वेगळं कलमच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातल्या मार्गदर्शक तत्त्वांत मात्र स्पष्ट म्हटलं होतं की तक्रारदार आणि साक्षीदार यांना त्रास किंवा भेदभाव होऊ देऊ नये. कायदा करताना ते वाक्य स्वतंत्र कलम म्हणून आलं नाही. त्यामुळे संरक्षण तीन-चार ठिकाणांहून गोळा करून जोडावं लागतं.

पहिली जागा कलम ३(२). लैंगिक वर्तनाशी जोडून आलेली नोकरीतल्या नुकसानीची धमकी, आताच्या किंवा पुढच्या नोकरीबद्दलची धमकी, कामात अडथळा आणणं, भीतीचं वा वैराचं वातावरण तयार करणं, आरोग्यावर परिणाम होईल अशी अपमानास्पद वागणूक, हे सगळं त्यात येतं. म्हणून ‘नकार दिल्यावर कामात त्रास सुरू झाला’ हे मूळ तक्रारीतच तारखांसह लिहायचं. बऱ्याच तक्रारींत फक्त स्पर्श आणि मेसेज लिहिलेले असतात आणि नंतरचा त्रास तोंडी सांगितला जातो. तो मग चौकशीच्या बाहेर राहतो.

दुसरी जागा कलम १२ आणि याच कायद्याखालच्या नियमांतला नियम ८. चौकशी चालू असताना तक्रारदाराने लेखी मागितलं, तर समिती मालकाला शिफारस करू शकते: दोघांपैकी एकाची दुसरीकडे बदली, तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि प्रतिवादीने तिच्या कामाचं मूल्यमापन किंवा गोपनीय अहवाल लिहू नये, ते दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं. ही रजा तिच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त असते, शिलकीतून कापायची नाही. शैक्षणिक संस्थेत प्रतिवादीला तिच्या अभ्यासावर देखरेख करण्यापासून दूर ठेवता येतं. शिफारस झाली की ती अमलात आणणं आणि तसं समितीला कळवणं मालकावर बंधनकारक आहे.

‘लेखी मागितलं तर’ यावर सगळं अडतं. समिती आपणहून देईल म्हणून थांबू नका. तक्रारीच्या दिवशीच वेगळ्या कागदावर अर्ज द्या. मजकूर साधा असू दे:

‘माझ्या दि. … च्या तक्रारीची चौकशी प्रलंबित आहे. कलम १२ व नियम ८ नुसार माझी मागणी: (१) माझ्या कामाचं मूल्यमापन, रजामंजुरी व हजेरी श्री. … यांच्याऐवजी अन्य अधिकाऱ्याकडे द्यावी. (२) श्री. … यांची बदली दुसऱ्या विभागात अथवा पाळीत करावी. (३) माझी जागा, पाळी, टीम वा कामाचं स्वरूप माझ्या लेखी संमतीशिवाय बदलू नये. (४) समितीची शिफारस व त्यावरील अंमलबजावणी मला लेखी कळवावी.’

तिसरा मुद्दा नियमात शब्दशः नाही. तरीही लिहायचा, कारण उद्या बदली आलीच तर ‘हिला बदली नको होती आणि हे समितीला अमुक तारखेला माहीत होतं’ हे सिद्ध करायला तोच कागद लागतो.

बाभूळवन | सोमवार, दुपारी ३:०५

गोदाकाठ ताई, अनेक ठिकाणी तक्रारदारालाच सांगतात, ‘तुझ्याच भल्यासाठी थोडे दिवस घरून काम कर’ किंवा ‘दुसऱ्या टीमला जा, तिथे शांत राहशील’. बोलणारी माणसं चांगल्या मनाने बोलतात असंही वाटतं. हे स्वीकारावं का?

गोदाकाठ | सोमवार, दुपारी ३:५०

तिला खरोखर हवं असेल तर जरूर स्वीकारावं, तो तिचा हक्कच आहे. तिने मागितलं नसताना तिला हलवणं मात्र कलम १२ मध्ये बसत नाही. ती नुसती बदली ठरते. तेव्हा तोंडी ‘बरं’ म्हणू नका. त्याच दिवशी ईमेल करा: ‘आज … यांनी मला घरून काम करण्यास सुचवलं. मी अशी मागणी केलेली नाही. माझा कलम १२ चा अर्ज प्रलंबित असून त्यात प्रतिवादीला हलवण्याची मागणी आहे.’ प्रत समितीच्या अध्यक्षांना. तीन ओळी पुरतात.

घरून काम घेतलंच तर मुदत, पद, कामाचं स्वरूप आणि परत येण्याची तारीख लिहून घ्या. तारीख नसलेलं घरचं काम तीन महिन्यांनी ‘हिच्याकडे कामच नाही’ या वाक्यात बदलतं.

तिसरी खुर्ची | सोमवार, सायंकाळी ७:२०

समितीच्या कामकाजाच्या बाजूने थोडं.

नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती, सोबतची कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे असतात. समितीने सात कामकाजाच्या दिवसांत एक प्रत प्रतिवादीला पाठवायची, त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी ९० दिवसांत पूर्ण, त्यानंतर १० दिवसांत अहवाल, आणि अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत मालकाने कारवाई करायची. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत. वकील कुठल्याच बाजूने आणता येत नाही.

हे वेळापत्रक पाठ असण्याचं कारण सूडाशी जोडलेलं आहे. प्रतिवादीला प्रत पोचली त्या दिवसापासून त्याला तक्रार माहीत असते. त्याआधी त्याने दिलेला मेमो आणि त्यानंतर दिलेला मेमो, दोन्हींचं वजन वेगळं. म्हणून ‘त्यांना प्रत कोणत्या तारखेला बजावली’ हे समितीला ईमेलने विचारून ठेवा आणि उत्तर जपा.

आणखी एक धोका. सुनावणीला सबळ कारणाशिवाय सलग तीनदा गैरहजर राहिल्यास, १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन समिती चौकशी बंद करू शकते. सुनावणीच्याच दिवशी बाहेरगावी ड्युटी लावायची, असले प्रकार होतात. अशी ड्युटी लागली की तो ड्युटी आदेश जोडून सुनावणीच्या आधी समितीला कळवा आणि पुढची तारीख मागा. नंतर दिलेलं कारण सबबीसारखं दिसतं.

रेवा | सोमवार, रात्री १०:३०

पुराव्याबद्दल. सूडाचा पुरावा एका मेसेजमध्ये क्वचित सापडतो. तो तारखांच्या क्रमात असतो, आणि तो क्रम दाखवायला आधीची परिस्थिती कागदावर असावी लागते. ‘माझं रेटिंग पाडलं’ म्हणायचं तर मागची तीन वर्षं रेटिंग काय होतं याची प्रत हवी.

तक्रार देण्याच्या आधी किंवा त्याच दिवशी आपल्याबद्दलचे कागद घरी हवेत: नेमणूकपत्र, मागच्या तीन वर्षांची अप्रेजल पत्रं, पगारवाढीची पत्रं, बक्षीस वा शाबासकीचे ईमेल, पगाराच्या स्लिपा, कामाचं वर्णन, रजेची शिल्लक दाखवणारा स्क्रीनशॉट. तक्रारीनंतर सिस्टिममधला प्रवेश सर्वात आधी बंद होतो, तेव्हा हे नंतर मिळत नाही.

इथेच एक मोठी चूक होते. घाबरून बाई सगळा मेलबॉक्स स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवते. त्यात ग्राहकांची माहिती, दर, करार असं काही असलं की कंपनीला ‘डेटा बाहेर नेला’ म्हणून शो-कॉज (कारणे दाखवा नोटीस) द्यायला आयतं कारण मिळतं, आणि मूळ तक्रार बाजूला पडते. कामाचे गोपनीय ईमेल बाहेर पाठवू नका. त्याऐवजी वहीत ईमेलची तारीख, वेळ, विषयाची ओळ, पाठवणारा आणि कुणाकुणाला गेला एवढं उतरवा, आणि समितीला लेखी सांगा की हे ईमेल कंपनीकडून मागवा. कलम ११(३) नुसार साक्षीदाराला बोलावण्याचे आणि कागदपत्रं हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार समितीला आहेत. ते वापरले जात नाहीत, कारण कुणी मागतच नाही.

वहीतली नोंद कशी असावी याचा नमुना (तारखा काल्पनिक):

४ मार्च: तक्रार दिली, आवक क्रमांक घेतला.
११ मार्च: प्रतिवादीला प्रत मिळाली, समितीचा ईमेल आहे.
१४ मार्च: आढावा बैठकीचं निमंत्रण आलं नाही. मागचे १४ महिने येत होतं. टीममधल्या बाकी सहा जणांना आलं.
१८ मार्च: दोन मोठे ग्राहक सहकाऱ्याकडे दिले. कारण विचारणारा ईमेल १८ ला ४:१० वाजता, उत्तर नाही.
२ एप्रिल: पीआयपीचं पत्र. त्यातली पहिली तक्रार ‘बैठकांना अनुपस्थिती’.

शेवटची ओळ वाचा. ज्या बैठकीला बोलावलंच नाही, तिला अनुपस्थित राहिल्याचा ठपका. वहीत १४ मार्चची ओळ नसती तर हे दाखवता आलं नसतं. भावना वेगळ्या पानावर लिहा, या पानावर फक्त काय झालं, कधी, कुणासमोर.

व्हॉट्सॲपचे चॅट असतील तर फक्त स्क्रीनशॉटवर भागवू नका, मूळ फोन जपा, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. पूर्वी त्याला ६५ ब म्हणत. फोन विकला वा फॉरमॅट केला की तिथेच अडचण सुरू.

कामगारमित्र | मंगळवार, सकाळी ८:३०

रेवा ताईंनी नेमकं लिहिलंय. मी पॉशच्या बाहेरचा रस्ता सांगतो, कारण समिती बदली किंवा बडतर्फी रद्द करू शकत नाही. ते काम न्यायालयाचं.

महाराष्ट्रात १९७१ चा एमआरटीयू-पीयूएलपी कायदा आहे, म्हणजे कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाच्या अनुचित प्रथांची यादी आहे. बाब १ मध्ये आकसाने, सद्भावना नसताना, उघड खोट्या कारणाने, विनारजा गैरहजेरीच्या बनावट आरोपावरून किंवा नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून कामावरून काढणं येतं. बाब ३ मध्ये व्यवस्थापनाच्या धोरणाच्या नावाखाली दुष्ट हेतूने केलेली बदली येते. बाब १ ची तक्रार कामगार न्यायालयात, बाब ३ ची औद्योगिक न्यायालयात. मुदत घटनेपासून ९० दिवस. कलम ३०(२) खाली अंतरिम आदेश मागता येतो, म्हणजे निकालापर्यंत बदलीला स्थगिती. बदलीच्या प्रकरणात हा अंतरिम अर्जच निर्णायक असतो, कारण एकदा ती नव्या गावी स्थिरावली की स्थगितीला अर्थ उरत नाही. ऑर्डर हातात पडल्यापासून पहिल्या आठवड्यात वकिलाकडे जा.

हा कायदा ‘कामगार’ व्याख्येत बसणाऱ्यांना लागू. इथे पदनाम नव्हे, प्रत्यक्ष काम बघतात. ‘असिस्टंट मॅनेजर’ असं कार्डावर असलं तरी हाताखाली कुणी नाही, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, दिवसभर लिपिकीय किंवा तांत्रिक काम, तर दावा करता येतो. त्यासाठी रोजच्या कामाचे कागद लागतात, म्हणून कामाचं वर्णन जपा हे वर आलंच आहे. खऱ्याखुऱ्या व्यवस्थापकीय पदावरच्या बाईला हा रस्ता नाही, तिला बहुधा दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागावी लागते. तिच्यासाठी कलम १२ चे अर्ज आणखी महत्त्वाचे.

दोन गोष्टी कृपया करू नका.

राजीनामा. ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’ या एका ओळीने कामावरून काढल्याचा मुद्दाच संपतो. एचआरच्या खोलीत बसवून ‘आत्ता सही कर, नाहीतर टर्मिनेशन, मग कुठे नोकरी मिळणार नाही’ असं म्हणतात. सही न करता बाहेर पडा. सही झालीच असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी ईमेल करून राजीनामा दबावाखाली घेतल्याचं आणि मागे घेत असल्याचं कळवा: किती वाजता, कुणाकुणासमोर, काय शब्द वापरले. महिन्याभराने लिहिलेलं पत्र कमकुवत पडतं.

दुसरं, बदलीच्या ठिकाणी हजर न होता घरी बसणं. स्थगिती मिळालेली नसताना घरी बसलं की गैरहजेरीची कारवाई सुरू होते, आणि मूळ विषय लैंगिक छळाचा होता हे कागदावर कुठेच राहत नाही. हरकत नोंदवून हजर व्हा, आणि न्यायालयात जा.

बाभूळवन | मंगळवार, सकाळी ९:१०

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून ९० दिवस निघून जातात. यावर उपाय?

कामगारमित्र | मंगळवार, सकाळी ९:२५

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२. स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. हेल्पलाइन १५१००. अर्जासोबत आदेशाची प्रत आणि तारखांची यादी न्या, कामगार कायद्याचं काम करणारा वकील द्या असं लिहून मागा.

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी १:००

मुदतीबद्दल एक गैरसमज दूर व्हायलाच हवा. कलम ९ नुसार तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची. घटना अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. सबळ कारण असेल तर समिती कारणं लिहून आणखी तीन महिने वाढवू शकते. एकूण सहा, त्यापुढे नाही.

अनेकांना वाटतं की नंतरचा त्रास ही शेवटची घटना धरली जाईल आणि घड्याळ नव्याने सुरू होईल. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या प्रकरणात याच मुद्द्यावर निकाल दिला. आरोप कुलगुरूंवर होते, लैंगिक छळाची शेवटची घटना एप्रिल २०२३ ची, तक्रार डिसेंबर २०२३ ची. मधल्या काळात, ऑगस्टमध्ये, प्राध्यापिकेला एका केंद्राच्या संचालकपदावरून दूर केलं होतं. ते प्रशासकीय पाऊल आहे, लैंगिक छळाच्या घटनांशी जोडलेला भाग नाही, असं न्यायालयाने धरलं आणि तक्रार मुदतबाह्य ठरली. त्याच निकालात न्यायालयाने हा निर्णय कुलगुरूंच्या बायोडेटाचा भाग करावा, असंही सांगितलं.

यातून व्यवहारात घ्यायचं ते असं. मूळ घटनेची तक्रार तीन महिन्यांच्या आत पडलीच पाहिजे, ‘बघू या सुधारतो का’ यात वेळ घालवू नका. आणि नंतरचा प्रत्येक त्रास मूळ लैंगिक वर्तनाशी जोडून लिहा: कोणाचा आदेश, त्यात प्रतिवादीचा हात कसा, त्याने आधी काय म्हटलं होतं. ‘माझ्या केबिनला आली नाहीस तर अप्रेजलला बघून घेईन’ हे वाक्य आणि नंतरचं पडलेलं रेटिंग यांचा दुवा शब्दांत मांडला नाही, तर ती दोन वेगळी प्रकरणं म्हणून बघितली जातात.

सहा महिने उलटले तरी पोलिसांचा रस्ता बंद झालेला नसतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ (जुनं ३५४ अ) स्वतंत्र आहे. नुसत्या अश्लील शेऱ्यांना एक वर्षापर्यंत शिक्षा आहे आणि तिथे न्यायालयाने दखल घेण्याची मुदत एक वर्ष. स्पर्श, लैंगिक मागणी, अश्लील साहित्य दाखवणं यांना तीन वर्षांपर्यंत शिक्षा, मुदत तीन वर्षं. एफआयआर करायची असेल तर त्यात मदत करणं हे कलम १९ खाली मालकाचं कर्तव्यच आहे.

रेवा | मंगळवार, दुपारी २:१५

बदलीच्या बाजूने सर्वात उपयोगी निकाल पंजाब अँड सिंध बँकेचा, सर्वोच्च न्यायालय, फेब्रुवारी २०२०. इंदूरच्या शाखेत स्केल ४ च्या (बँकेत स्केल १ ही अधिकाऱ्यांची सर्वात खालची श्रेणी) महिला अधिकाऱ्याने शाखेतले गैरव्यवहार वरिष्ठांना कळवले होते आणि वरिष्ठ अधिकाऱ्याविरुद्ध लैंगिक छळाची तक्रारही केली होती. तिची बदली जबलपूर जिल्ह्यातल्या सरसावा शाखेत झाली, जिथे एरवी स्केल १ चा अधिकारी नेमतात. न्यायालयाने बदली रद्द ठरवली, तिला एक वर्षासाठी इंदूरला परत नेमायला सांगितलं आणि ५०,००० रुपये खर्च द्यायला लावला.

हा निकाल वाचताना कशावर बोट ठेवलंय ते बघा: तक्रारींच्या तारखा आणि बदलीची तारीख, पदाला न शोभणारी जागा, आणि समितीवरची बाहेरची व्यक्ती. ती बँकेच्याच पॅनेलवरची वकील निघाली, म्हणजे स्वतंत्र नव्हतीच. तुमच्या प्रकरणात हेच तीन प्रश्न विचारा. नव्या जागी माझ्या दर्जाचं कुणी आधी होतं का? त्याच वेळी आणखी किती जणांच्या बदल्या झाल्या, की एकटीचीच? समितीवरचा बाहेरचा सदस्य कंपनीकडून इतर कामाचे पैसे घेतो का? उत्तरं कागदावर मिळवा.

निशिगंध_२ | मंगळवार, सायंकाळी ६:४५

उलट तक्रारीबद्दल कुणी लिहिलं नाही. तक्रार केल्यावर प्रतिवादी ‘खोटी तक्रार’ म्हणून कलम १४ ची भीती घालतो, अब्रुनुकसानीची नोटीस पाठवतो. बऱ्याच जणी तिथेच माघार घेतात.

तिसरी खुर्ची | मंगळवार, सायंकाळी ७:३०

कलम १४ मध्येच लिहिलंय की तक्रार सिद्ध करता न येणं किंवा पुरेसा पुरावा देता न येणं, एवढ्यावरून कारवाई करायची नाही. दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘खोटं आहे’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अहवालाचा निष्कर्ष वाचताना नेमके कुठले शब्द वापरलेत ते बघा. अहवालाची प्रत दोन्ही बाजूंना मिळायला हवी, मागून घ्या.

अब्रुनुकसानीची नोटीस आली तर स्वतः उत्तर देऊ नका, वकिलामार्फत द्या, आणि नोटिशीची प्रत समितीला पाठवा. चौकशी चालू असताना आलेली नोटीस ही वहीतली आणखी एक तारीख.

तडजोडीचा दबाव हाही त्यातलाच प्रकार. कलम १० खालची तडजोड फक्त तक्रारदाराच्या विनंतीवरून होते आणि ती पैशांच्या आधारावर करता येत नाही. ‘तीन पगार घे आणि मिटव’ असा निरोप आला तर तो कुणी, कधी, कसा दिला हे लिहून समितीकडे द्या.

आता ज्या जागी सगळ्यात जास्त फसगत होते त्याबद्दल. कलम १२ चं संरक्षण चौकशी चालू असेपर्यंतच असतं. अहवाल आला, त्याला ताकीद मिळाली, सगळे म्हणाले प्रकरण मिटलं. आणि दोन महिन्यांनी तोच पुन्हा तिचा रिपोर्टिंग मॅनेजर. सूड बहुतेकदा इथून पुढे सुरू होतो. म्हणून शेवटच्या म्हणण्यातच समितीला लिहून द्या: रिपोर्टिंगची रचना कायमची बदला, पुढची दोन अप्रेजलं दुसऱ्या अधिकाऱ्याने करावीत, साक्षीदारांनाही हेच लागू व्हावं, आणि तीन व सहा महिन्यांनी एचआरने समितीला आढावा द्यावा. समितीने हे शिफारशीत घेतलं की मालकाला ६० दिवसांत त्यावर वागावं लागतं. शिफारशी अपुऱ्या असल्या किंवा अमलातच आल्या नाहीत तर ९० दिवसांत अपील करता येतं.

नुकसानभरपाईही तिथेच मागा. कलम १५ मध्ये मानसिक त्रास, वैद्यकीय खर्च आणि करिअरमधली हुकलेली संधी मोजायला सांगितली आहे. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी, बिलं आणि हुकलेल्या बढतीचं परिपत्रक जोडावं लागतं.

बाभूळवन | मंगळवार, रात्री ९:००

साक्षीदारांचं काय? ज्या दिवशी साक्ष दिली, त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याची पाळी बदलली, असं घडलं तर दुसऱ्या दिवशी उरलेले सगळे ‘मला काही आठवत नाही’ म्हणतात.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

बरोबर, आणि म्हणूनच साक्षीदारावरची कारवाई ही तक्रारदारावरच्या कारवाईइतकीच गंभीर धरायला हवी. कायद्याचं कलम १२ फक्त तक्रारदाराचं नाव घेतं. पण अनेक कंपन्यांच्या स्वतःच्या पॉश धोरणात ‘तक्रारदार वा साक्षीदार यांच्यावर सूड घेतल्यास शिस्तभंगाची कारवाई’ असं वाक्य असतं. ते धोरण तक्रारीआधीच उतरवून घ्या आणि साक्षीदारासाठी त्या कलमाचा आधार घेऊन अर्ज करा. साक्षीदाराने स्वतः दोन ओळींचा ईमेल समितीला करणं सर्वात चांगलं. साक्षी एकाच दिवशी सलग घेतल्या तर दबावाला वेळ कमी मिळतो, तशी विनंती करता येते.

सुगरण_पक्षी | बुधवार, सकाळी ७:५०

इथे सगळं ईमेल आणि अप्रेजलचं चाललंय. साफसफाई, सुरक्षा, कॅन्टीन, पॅकिंग या कामांतल्या कंत्राटी बायकांना पीआयपी वगैरे मिळत नाही. मुकादम सांगतो, ‘उद्यापासून येऊ नको’. गेट पास बंद. संपलं.

त्यांच्यासाठी वेगळं लिहिते. कायद्यातल्या ‘कर्मचारी’ या शब्दात कंत्राटदारामार्फत आलेली, रोजंदारीची, तात्पुरती, शिकाऊ, अगदी बिनपगारी काम करणारीही येते. म्हणून ती जिथे प्रत्यक्ष काम करते त्या कंपनीच्या समितीकडे तक्रार करू शकते. ‘तू कंत्राटदाराची, तिकडे जा’ हे उत्तर चुकीचं. लिहिता येत नसेल तर लेखी तक्रार करायला मदत करणं हे समितीचंच काम आहे.

दहापेक्षा कमी माणसं असलेली जागा असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. ती जिल्हा अधिकाऱ्याच्या अखत्यारीत असते, तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बाल विकासच्या जिल्हा कार्यालयात विचारा. घरकामगार बाईचीही तक्रार तिथेच. तिच्या बाबतीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवायचं असतं. केंद्राच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार टाकता येते.

गेट बंद झालं तर त्या दिवशी काय करायचं: गेटवर जा, आत घेतलं नाही तर गेटबाहेर वेळेसह फोटो काढा, सोबत कुणी असेल तर त्याचं नाव टिपा. कंत्राटदार आणि मूळ कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टाने पोचसह एक पान पाठवा: ‘मी अमुक तारखेपासून कामावर हजर राहायला तयार आहे, मला आत घेतलं जात नाही.’ हे पत्र नसेल तर कंत्राटदार म्हणतो, तीच यायची बंद झाली. हजेरीकार्ड, गेट पासचा फोटो, पगार जमा झालेलं पासबुकाचं पान, पीएफचा नंबर, एवढ्यावर ती तिथे कामाला होती हे दाखवता येतं. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही अशाही बायका आहेत. त्यांच्यासाठी युनियन किंवा वस्तीतली संघटना सोबत हवीच. एकटीने उभं राहणं फार कठीण जातं, आणि हा त्यांचा दोष नाही.

कामगारमित्र | बुधवार, सकाळी १०:२०

सुगरण ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सरकारी नोकरीतल्यांसाठी थोडक्यात: राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी बदलीविरुद्ध मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) जायचं. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यात सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे, मुदतपूर्व बदलीला कारणं नोंदवून सक्षम अधिकाऱ्याची मान्यता लागते. ती टिपणी माहिती अधिकारात मागा. पॉश चौकशीचे कागद माहिती अधिकारात मिळत नाहीत, बदलीची फाइल ही वेगळी गोष्ट आहे. दोन्ही एका अर्जात घालू नका, नाहीतर अख्खा अर्ज फेटाळतात.

हिरवा चाफा | बुधवार, दुपारी ४:३०

सगळ्यांचे आभार. एकच राहिलं. ‘हरकत नोंदवून हजर व्हा’ असं कामगारमित्रांनी लिहिलंय. त्या पत्राचा मजकूर कुणी देईल का? बदलीची ऑर्डर हातात असताना शब्द सुचत नाहीत.

कामगारमित्र | बुधवार, सायंकाळी ५:१०

हे घ्या. दोन प्रती काढा, एकीवर सही-शिक्का घ्या. घेत नसतील तर तिथूनच ईमेल करा, वेळ आपोआप नोंदली जाईल.

‘दि. … च्या आदेशानुसार मी आज दि. … रोजी सकाळी … वाजता … येथे हजर होत आहे. ही बदली मला मान्य नाही. मी दि. … रोजी अंतर्गत समितीकडे लैंगिक छळाची तक्रार (आवक क्र. …) व दि. … रोजी कलम १२ चा अर्ज दिला आहे. तक्रारीनंतर … दिवसांत झालेली ही बदली आकसाने केलेली आहे असं माझं म्हणणं आहे. माझे सर्व कायदेशीर हक्क राखून, केवळ गैरहजेरीचा ठपका येऊ नये म्हणून, मी हरकतीसह हजर होत आहे.’

प्रत: समिती अध्यक्ष, एचआर प्रमुख, आणि स्वतःच्या वहीत.